पणतवाचा कागद

माणूस जन्माला येतो तेव्हा तो स्वतः तिथं हजर असतो, याबद्दल कुणाचं दुमत असू नये. पण त्याची ही हजेरी पुढे जन्मभर कुठल्याही कचेरीत धरली जात नाही. "अहो, मी जन्मलेला आहे, हा काय तुमच्यासमोर उभा आहे," असं तो काउंटरवर वाकून कितीही कळवळून सांगो, पलीकडचा माणूस चष्म्यावरून बघत एवढंच विचारतो, "कागद आहे का?" हा पलीकडचा माणूस पुष्कळदा मी असतो. बँकेत कारकुनी करायला लागून मला पंचवीस वर्षं झाली. या काळात हाडामांसाच्या हजारो माणसांना मी कागद मागितला. कागद घेऊन आलेल्याला 'आता माणूस दाखव' असं म्हणायची वेळ मात्र फक्त नोव्हेंबरात येते, पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यासाठी.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात जन्मतारीख ही देवाने द्यायची गोष्ट नव्हतीच, ती गुरुजींनी द्यायची गोष्ट होती. बाप पोराचा दंड धरून शाळेत आणी. गुरुजी विचारत, "जन्म कधीचा?" बाप सांगे, "त्या साली लई पाऊस झाला होता, अन् आमची ढवळी गाय मेली होती." गुरुजी पोराकडे एकदा बघत, पुढचे दोन दात पडलेत का ते तपासत आणि एक जून लिहून मोकळे होत. शाळा जूनमध्ये सुरू होते, त्यामुळे एक जूनला जन्मलेलं पोर त्या महिन्यात बरोबर वयात बसतं. आमच्या शाखेतले साठीच्या पुढचे खातेदार बघितले, तर एक जूनला या भागातल्या सुइणींनी जेवायला तरी सवड कशी काढली असेल, असा प्रश्न पडतो.

तारखेचं असं, तर ठिकाणाचं त्याहून वरताण. माझा पुतण्या १९९२ साली आमच्याच घरात, मधल्या खोलीत जन्मला. तेव्हा घर परभणी जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि पोरगं खाटेवरून न उतरता जिल्हा बदलून बसलं. माझ्या वडिलांचं विचाराल, तर ते याच घरात जन्मले निजामाच्या राज्यात, मिसरूड फुटली हैदराबाद राज्यात, पुढे १९५६ साली मुंबई राज्यात गेले आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. हा सगळा प्रवास त्यांनी ओसरीवर बसून केला. प्रवासाची हौस त्यांना मुळीच नव्हती.

ही सगळी पार्श्वभूमी असताना आमच्या घरात ९ ऑगस्ट २०२४ रोजी एक पणतू जन्मला. पण मधल्या खोलीत नव्हे. बँकॉकला.

पुतण्या तिकडे नोकरीला आहे. सूनबाई त्याच्याबरोबर. पोराचं नाव इथं देत नाही. त्या नावाचा अर्थ नावांच्या पुस्तकात 'सूर्याचा पहिला किरण' असा दिलाय. अलीकडे निम्म्या नावांचा अर्थ तोच असतो. आडनावही देत नाही, ते 'कर'ने संपतं एवढंच लक्षात ठेवा. पुढे ते लागणार आहे.

पणतू झाल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या आईने पहिला प्रश्न विचारला, "आणायलेत कधी?" आईचं वय ऐंशी, म्हणजे अदमासे ऐंशी. ती जन्मली रझाकारांच्या धामधुमीच्या चारेक वर्षं आधी, पोळ्याच्या करीच्या दिवशी. आधारकार्डावर मात्र एक जानेवारी आहे. तिला ना तारखेचं सोयर ना सुतक. तिचा मुद्दा वेगळा होता. पणतवाचं तोंड बघितलं की पणजीवर सोन्याची फुलं उधळतात, आणि मग तिला वर जायला वाट मोकळी होते. तिच्या सासूने पणतू बघितला नव्हता, तिच्या आईनेही नव्हता. दोन घराण्यांत हा मान पहिल्यांदा तिच्याकडे चालून आला होता, आणि तो अडीच हजार किलोमीटरवरच्या पाळण्यात पडला होता. "इमानात मी बसत न्हाई," असं तिने आधीच जाहीर करून टाकलं. डॉक्टरांनीही तिच्या छातीचा कागद बघून तिच्याच बाजूने निकाल दिला. तेव्हा आता पोरालाच इकडे आणायचं. येत्या महाशिवरात्रीला, औंढ्याच्या यात्रेला. औंढा नागनाथ आमचं दैवत, बारा ज्योतिर्लिंगांतलं.

पण पोराला पासपोर्टाशिवाय हलता येईना. आणि पासपोर्टासाठी आधी तो भारतीय आहे हे ठरायला हवं होतं. तुम्ही म्हणाल, आई हिंगोलीची, बाप हिंगोलीचा, मग पोर काय स्वीडनचं? पण कायदा असा आतड्याने विचार करत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं चौथं कलम असं आहे, की ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत झाली पाहिजे. वर्ष उलटलं, तर थेट केंद्र सरकारची परवानगी आणा. शिवाय या बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं आईबापांनी लिहून द्यायचं. तिकडे थायलंडचा कायदाही सावध. आईबाप दोघं परके आणि तात्पुरत्या मुक्कामावर असतील, तर नुसतं तिथं जन्मल्याने पोर थायी होत नाही. म्हणजे आमचा पणतू तूर्त ना तिकडचा ना इकडचा, नुसताच पाळण्यातला. खातं उघडलंय पण नंबर पडलेला नाही, अशी आमच्याकडे एक अवस्था असते, तशी.

थायी कायद्याचं एक मात्र मला आवडलं. जन्माची वर्दी पंधरा दिवसांच्या आत द्यायची. आपलं बारसं बाराव्या दिवशी. म्हणजे बारसं करून, घुगऱ्या वाटून, वर तीन दिवस कागदपत्रांना मिळतात. आत्याने हिंगोलीत बसून फोनवर कुर्र केलं, तिकडे बापाने बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तो वर्दी द्यायला गेला. तिथून जो कागद मिळाला त्याचा फोटो त्याच रात्री आमच्या फोनवर येऊन पडला.

आम्ही सगळे त्या फोटोभोवती जमलो. अक्षरं अशी, की कुणी तरी जिलब्या पाडायला बसलाय आणि मधूनमधून घाण्यातून एखादी सुटी कडी उडतेय. वर गरुडाचं चित्र. गरुड हे तिथलं राजचिन्ह. ओळखीचे होते ते फक्त आकडे. दादाने चष्मा कपाळावर चढवला, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि एका ठिकाणी ते थांबलं.

"अरे, इथं दोन हजार पाचशे सदुसष्ट लिहिलंय."

"फी असेल," वहिनी म्हणाल्या.

"फी नाही, साल आहे. पोर अजून पाचशे त्रेचाळीस वर्षांनी जन्मायचंय."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आकड्याला घाबरत नाही. थायलंडात बुद्धाच्या निर्वाणापासून साल मोजतात. त्यातून ५४३ वजा केले की आपलं इसवी साल मिळतं. दोन हजार चोवीस. हे मी सांगितल्यावर दादाचा जीव भांड्यात पडला. पण बाकीचं कोण वाचणार? तेव्हा व्हिडिओवर सूनबाईला गाठलं. ती तिकडे राहून थायी भाषा लिहायला-वाचायला शिकली आहे. ती एकेक ओळ वाचू लागली आणि पलंगावर वाती वळत बसलेल्या आईचे कान हळूहळू टवकारू लागले.

"आजी, या कागदाला इथं म्हणतात सूतिबत. लिहितात मात्र सूतिपत्र."

"म्हंजी बाळंतिणीचा कागद," आई म्हणाली. "मग त्यात काय समजायचं न्हाई?"

खरोखरच काही न समजण्यासारखं नव्हतं. सूनबाई म्हणाली, इथले लोक शब्द लिहितात जुन्या संस्कृत-पाली वळणाने आणि उच्चारतात आपल्या सोयीने. आईच्या रकान्याला 'मानदा' म्हणतात, अक्षरं बघितली तर मातृ शब्दाचा भाऊबंद. बापाचा 'बिदा', म्हणजे पिता. मुलगा की मुलगी या रकान्याला 'फेत'. तो मूळचा 'वेष'. बारा दिवसांच्या पोराच्या अंगावर लंगोटाशिवाय काही नव्हतं, तरी त्याच्या वेषाची सरकारदरबारी नोंद झाली होती. मग आला 'सनचात'.

"काय? जात?" दादा दचकलाच. धाकट्या मुलीच्या जात-पडताळणीसाठी चार महिने चपला झिजवून तो नुकताच मोकळा झाला होता. "तिकडंही विचारतात?"

"जात नाही बाबा, राष्ट्रीयत्व. सं-जाति. इथं देश हीच जात."

दादाने सुटकेचा निःश्वास टाकला. कल्पना वाईट नाही, असंही पुटपुटला.

जन्मगाव होतं 'क्रुंग थेप महा नखोन'. बँकॉकला तिथले लोक बँकॉक म्हणतच नाहीत. थेप म्हणजे देव, नखोन म्हणजे नगर. देवांचं महानगर. हेही थोडक्यात झालं. पुरं नाव लिहायचं तर त्यात इंद्र येतो, विश्वकर्मा येतो, आयुत्थया म्हणजे अयोध्या येते. जगातलं सगळ्यांत लांब स्थलनाम म्हणून त्याची ख्याती आहे. पासपोर्टाच्या चौकटीत ते बसवायचं तर पासपोर्टाला पुरवणी जोडावी लागेल.

मग वार आला. 'वन सुक'. आईने वात बाजूला ठेवली. "शुक्करवार." महिना आला. 'सिंगहाखोम'. आई म्हणाली, "सिंव्हाचा."

यावर आम्ही सगळेच गप्प झालो. कारण आईचं बरोबर होतं. पाचव्या रामराजाने, म्हणजे राजा चुलालंकरणने, १८८९ सालापासून थायलंडात सूर्यमानाची दिनदर्शिका सुरू केली, तेव्हा बारा महिन्यांना बारा राशींची नावं देण्यात आली. जानेवारी मकर, फेब्रुवारी कुंभ, मार्च मीन, एप्रिल मेष, असं करत ऑगस्ट सिंह. आणि त्यातली खुबी तर मला कारकून म्हणून फारच भावली. महिना एकतीस दिवसांचा असेल तर नावाच्या शेवटी 'खोम', तिसाचा असेल तर 'योन', आणि फेब्रुवारी बिचारा एकटाच 'फन'. व्याज काढताना आम्ही अजून मुठी आवळून बोटांच्या उंचवट्यांवर महिने मोजतो. थायलंडातला कारकून नुसता महिन्याचा उच्चार करतो आणि दिवस मोजून मोकळा होतो. तिथं बँकेला म्हणतातही 'थनाखान', म्हणजे धनागार. हा शब्द ऐकल्यापासून आपण आजवर नुसत्याच बँकेत काम करत होतो याचं मला वाईट वाटतं.

शेजारचे जोशीकाका एव्हाना आवाज ऐकून आत आले होते. त्यांनी लगेच हरकत घेतली. नऊ ऑगस्टला सूर्य अजून कर्केत होता, सिंहेत तो जाणार सोळाला. चंद्र कन्येत होता. तेव्हा सिंह हा शब्द या कागदावर आलाच कसा? त्यांची हरकत पंचांगाच्या दृष्टीने पक्की होती. पण थायलंडच्या राजाकडे ती पाठवायची कुणी, यावर तोडगा निघाला नाही.

"आणि आजी, आता गंमत ऐका," सूनबाई म्हणाली. "इथं इंग्रजी तारखेच्या जोडीला तिथीही लिहितात. वाढत्या चंद्राची पाचवी, महिना नववा."

शुद्ध पंचमी समजली. पण नववा महिना कसा? श्रावण तर पाचवा. जोशीकाकांनी डोळे मिटले, बोटांची पेरं मोजली आणि उघडले. ते लोक मार्गशीर्षापासून मोजत असणार! गीतेत भगवंतांनी महिन्यांमध्ये स्वतःला मार्गशीर्ष म्हटलंय, त्यांनी ते अंमलात आणलंय एवढंच. मार्गशीर्ष एक, पौष दोन... वैशाख सहा. बुद्धपौर्णिमा तिथं सहाव्या महिन्यातच येते. श्रावण नऊ. श्रावण शुद्ध पंचमी, शुक्रवार.

"अगं बया," आई म्हणाली, "नागपंचमी."

नागपंचमीला जन्मल्याचं आम्हाला कॅलेंडरावरून ठाऊक होतंच. पण ते परक्या सरकारच्या कागदावर शिक्क्यासकट लिहून आलंय, याचा आनंद वेगळा होता. आपल्याकडच्या जन्मदाखल्यावर तिथी नसते. आपली तिथी आपल्याला बँकॉकहून आली.

एवढं सगळं घरबसल्या, वाती वळता वळता समजलं. पण पासपोर्टाच्या कामी हे भाषांतर चालत नाही. हळदीचा शेतकरी आणि हळदीचं गिऱ्हाईक समोरासमोर उभे असले, तरी मोंढ्यात माल आडत्याच्या हातून जावा लागतो. तसं थायी आणि मराठी यांच्यामध्ये इंग्रजी नावाचा आडत्या बसलेला असतो. सूतिपत्राचं इंग्रजी करून घ्यायचं, मग ते बँकॉकच्या चेंग वत्थना रस्त्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या कचेरीत नेऊन बरोबर असल्याचा शिक्का घ्यायचा, आणि मग तो कागद आपल्या वकिलातीत दाखल करायचा.

पुतण्याने तिथल्या एका भाषांतरवाल्याकडून इंग्रजी करून घेतलं आणि शिक्क्याला नेण्याआधी मला धाडलं. "काका, तुम्ही बँकेत आहात, तुमची नजर पक्की. एकदा तपासा." मी नेहमीप्रमाणे आधी नावं ताडून बघितली. पोराचं नाव ठीक. बापाचं ठीक. आडनाव बघितलं आणि थांबलो. 'कर'च्या जागी 'कोन' होतं.

सूनबाईने उलगडा केला. थायी भाषेत शब्दाच्या शेवटी र किंवा ल आला, तर त्याचा उच्चार न होतो. नगराचं नखोन, आहाराचं आहान, धनागाराचं थनाखान. 'कर' अक्षरांनी लिहिलं तर वाचतात 'कोन'. दिनकर नावाचा माणूस तिथं थिन्नकोन होतो. आमचं आडनाव इंग्रजीतून थायीत गेलं ते ठीकठाक गेलं, आणि भाषांतरवाल्याने ते पासपोर्ट न बघता थायीतून इंग्रजीत परत आणलं, ते असं बदलून आलं. आमच्या भागात 'कोण'ला 'कोन'च म्हणतात. तेव्हा सरकारी कागदावर पोराचं नाव, बापाचं नाव आणि पुढे 'कोन?' असा प्रश्न उभा राहिला होता. प्रश्न रास्त होता. त्याच्याच उत्तरासाठी तर हा सगळा खटाटोप चालला होता.

हे एक अक्षर तसंच शिक्क्याला गेलं असतं, तर बाप 'कर' आणि मुलगा 'कोन' झाला असता. आणि पुढे दर कचेरीत दोघं एकच घराण्याचे आहेत याचं प्रतिज्ञापत्र काढत पोर म्हातारं झालं असतं. तसे लोक माझ्या काउंटरवर रोज येतात. एकाच बापाची तीन मुलं, तिघांची तीन आडनावं, इंग्रजीत. वारस म्हणून ठेव मागायला आली की त्यांना बाप वाटून घ्यावा लागतो. पुतण्या भाषांतरवाल्याकडे पासपोर्ट घेऊन गेला आणि त्याने कोनाचं कर करून दिलं.

दुसरी दुरुस्ती दादाला हवी होती. इंग्रजीत वर्षापुढे 'ड्रॅगन' लिहिलं होतं. थायी कागदावर सालाबरोबर बारा वर्षांच्या चक्रातलं प्राण्याचं नावही असतं. "आपल्यात ड्रॅगन नसतो," दादाचं म्हणणं. "पोरगं चिनी वाटेल वकिलातीत."

"बाबा, हे लोक ड्रॅगन नाही म्हणत," सूनबाई म्हणाली. "वर्षाचं नाव आहे मारोंग. साध्या भाषेत मोठ्या सापाचं वर्ष."

आईच्या हातातली वात खाली पडली. "मोठा साप? अन् नागपंचमीला? अन् औंढ्याच्या नागनाथाच्या घरचं लेकरू?" तिने तिथूनच औंढ्याच्या दिशेने हात जोडले. इंग्रजीत जो ड्रॅगन झाला होता, त्याचा नाग करायला आईला एक पळही लागला नाही. ही दुरुस्ती अर्थात कागदावर झाली नाही. इंग्रजी आडत्याने आपली टक्केवारी कापून घेतलीच. गरुडाच्या चित्राखाली नाग असलेला तो कागद शिक्का होऊन वकिलातीत गेला.

वकिलातीत लग्नाचा दाखलाही लागणार होता. तो मराठीत. त्याचं इंग्रजी आम्ही इकडे करून घेतलं. कोर्टासमोर झाडाखाली बसणाऱ्या एका टंकलेखकाने पत्त्यातल्या 'मौजे'चं 'फॉर एन्जॉयमेंट' केलं आणि 'मु. पो.'चं 'स्टे पोस्ट'. थायीतून इंग्रजीत येताना आमचं एक अक्षर घसरलं होतं. मराठीतून इंग्रजीत जाताना अख्खं गाव सहलीला निघालं. ते दुसरीकडून पुन्हा करून घेतलं.

या धांदलीत दादाला कपाटात आणखी एक कागद सापडला. आमच्या वडिलांच्या शाळेतल्या दाखलखारीज रजिस्टराचा उतारा. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी मराठवाड्यात निजामकाळातली दप्तरं उघडली गेली, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला, आणि गावोगाव लोक आपापल्या आजोबा-पणजोबांना शोधायला निघाले. त्या लाटेत दादाने वडिलांचाही उतारा काढून आणला होता. तो उर्दूत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथला कारभार उर्दूतूनच चालायचा. कागद आणला, पण घरात तो वाचणार कुणी? आई नाही, दादा नाही, मी नाही. एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी तो आम्हाला वाचून दाखवला होता. साल १३५०. हिजरी नव्हे, फसली, पिकावरून मोजायचं. त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे १९४०-४१. महिन्यांची नावं इराणी : आजूर, दै, बहमन, खुर्दाद. त्यातला एकही महिना आईने उभ्या जन्मात ऐकलेला नव्हता, आणि त्यातल्याच एका महिन्यात तिचा नवरा जन्मलेला होता.

दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवून मी बराच वेळ बघत बसलो. एक आमच्या वडिलांचा, एक त्यांच्या पणतवाचा. वडील १३५० चे, पणतू २५६७ चा. नुसती वजाबाकी केली तर पणतू पणजोबांहून १२१७ वर्षांनी लहान. पण ते आकड्यांचं सोडा. वडील आमच्या ओसरीवर जन्मले, ओसरीवर वारले. आणि त्यांचा कागद वाचायला आम्हाला बाहेरचा माणूस लागला. पणतू समुद्रापार जन्मला, आणि त्याचा कागद आईने पलंगावरून न उतरता निम्मा वाचला. आपलं काय आणि परकं काय हे ठरवायला आपण पासपोर्ट काढतो खरे. पण कागदांचं आपसातलं नातं पासपोर्टवाल्यांना विचारून ठरलेलं नसतं.

वर्षाची मुदत संपायला सहा महिने बाकी होते तेव्हा वकिलातीत नोंद झाली. पुढे पासपोर्टही आला. लहान मुलाचा, पाच वर्षांचा. फोटोत पणतू कुणी तरी आपल्याला चुकीचं व्याज लावल्यासारखा बघतोय. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिघं हैदराबादेत उतरले आणि तिथून गाडी करून महाशिवरात्रीच्या, म्हणजे २६ तारखेच्या, चार दिवस आधी घरी आले.

सोन्याचा भाव तोळ्याला ८०,००० रुपयांच्या पुढे गेलेला. सोनाराने फुलं अशी करून दिली, की ती उधळली तेव्हा वहिनींनी पंखा बंद करायला लावला. आईने पोराला मांडीवर घेतलं, त्याची दृष्ट काढली, आणि पोराने तिच्या कपाळावरचं एक सोन्याचं फूल उचलून तोंडात घातलं. मग पुढचा अर्धा तास त्याच्या तोंडातून ते काढण्यात गेला, आणि मंगल प्रसंगी डोळ्यांत पाणी आणायचं होतं ते सगळ्यांच्याच राहून गेलं.

रात्री दादा कपाट लावत होता. सूतिपत्र, त्याचं इंग्रजी, वडिलांचा उर्दू उतारा, त्याचं मराठी, आम्हा भावांचे दाखले, सगळं त्याने एका प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि वर चिठ्ठी लावली : 'जन्म'.

आई बघत होती. "त्यात माझा कागद कुठाय?"

"तुझा नाही आई. तुझी नोंदच नाही कुठं."

"आधारावर एक जानेवारी हाय की."

"ती सरकारने आपल्या मनाने घातलीय."

आईने थोडा विचार केला. मांडीवरच्या पणतवाला थोपटत म्हणाली, "बरं झालं बाई. मग मी अजून जन्मायचीच हाय. यम आला तर म्हणावं, आधी कागद दाखव."